नामधारी म्हणजे नेमके किती?

‘राष्ट्रपती हे देशाचे ____ प्रमुख असतात.’ रिकाम्या जागा भरा, गुण एक. १९७८ च्या आपल्या दहावीच्या तुकडीतल्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारले तरी ‘नामधारी’ हे उत्तर येईल, याची मला खात्री आहे. नागरिकशास्त्राच्या बाईंनी ते आपल्याकडून घोटूनच घेतले होते. स्मरणिका समितीने मला सांगितले की, शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास तर त्यातलेच काही लिही. तेव्हा मला ही रिकामी जागाच आठवली. तीस वर्षे महाविद्यालयात शिकवताना मी या एका शब्दापाशी वरचेवर येऊन थांबलो आहे. उत्तर बरोबर आहे, बाईंनी दिलेला गुणही बरोबर आहे. फक्त नामधारी माणसाच्या हाती काय काय उरते, हे एका गुणाच्या जागेत मावत नाही.

घटनाकारांच्या मनात संदिग्धता नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की, आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या अध्यक्षासारखा नसेल. त्याचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असेल. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्य करणार नाही. मराठी माणसाला ही व्यवस्था समजायला खरे तर लंडनपर्यंत जायला नको. साताऱ्यास छत्रपती आणि पुण्यास कारभार, हे आपण पाहिलेले आहे. चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवा करताना सारा कारभार बारभाईंच्या मुठीत होता, तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागली. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्याच हातून वस्त्रे यावी लागतात. तेवढ्या वेळापुरते का होईना, सगळ्यांना त्याच्या दाराशी थांबावे लागते.

आपल्या घटनेत असे थांबणे कुठे कुठे आहे ते पाहू. विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले तरी राष्ट्रपतींच्या सहीशिवाय त्याचा कायदा होत नाही. धनविधेयक सोडून बाकीची विधेयके ते एकदा परत पाठवू शकतात; संसदेने पुन्हा संमत केले की मात्र सही करावीच लागते. अध्यादेश त्यांच्या सहीने निघतो, राज्यातली राष्ट्रपती राजवट त्यांच्या सहीने लागू होते. कलम ७८ प्रमाणे कारभाराची माहिती त्यांना देणे हे पंतप्रधानांचे कर्तव्य आहे. आणि शपथेत एक बारीक फरक आहे. मंत्री घटनेशी निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात. राष्ट्रपती घटनेचे जतन, रक्षण आणि संरक्षण करण्याची घेतात.

मग सही करायची की नाही, हे ठरवायचे कुणी? हा प्रश्न पहिल्याच राष्ट्रपतींनी विचारला. राजेंद्रप्रसाद घटना समितीचे अध्यक्ष होते. घटनेतला शब्द न् शब्द त्यांच्या समोर संमत झाला होता. तरी सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू संहिता विधेयकाच्या वेळी, त्यांनी नेहरूंना लिहिले की या विधेयकावर आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ इच्छितो. विधेयकाला त्यांचा मनापासून विरोध होता. नेहरूंनी मुंबईचे मोतीलाल सेटलवाड, म्हणजे तेव्हाचे ॲटर्नी जनरल, आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांनीही सांगितले की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. ते विधेयक तेव्हा बाजूला पडले ते निराळ्या कारणांनी, आणि त्याच महिन्यात डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये तेच विधेयक तुकड्यातुकड्यांनी आले आणि राजेंद्रबाबूंनी त्या कायद्यांवर मुकाट सह्या केल्या. मात्र १९६० साली एका जाहीर भाषणात, राष्ट्रपतींचे अधिकार नेमके किती याचा अभ्यास कायदेपंडितांनी करावा, असे त्यांनी पुन्हा सुचवले. दहा वर्षे राष्ट्रपती भवनात राहूनही त्यांची ती शंका फिटली नव्हती. माझ्या मते या बाबतीत नेहरू बरोबर होते. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेने केलेली सुधारणा एका माणसाच्या श्रद्धेपायी अडली असती, तर ते प्रजासत्ताकाच्या पायाशीच आले असते.

हे लक्षात ठेवून आता २५ जून १९७५ च्या रात्रीकडे येऊ. आपण तेव्हा नुकतेच आठवीत गेलो होतो. आपल्याला आठवते ती भिंतीवर लागलेली वीस कलमी कार्यक्रमाची पाटी आणि शिस्तीची भाषणे. दिल्लीत त्या रात्री झाले ते एवढेच, की पंतप्रधानांचे पत्र आणि उद्घोषणेचा मसुदा राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्यापुढे आला आणि मध्यरात्रीपूर्वी त्यांनी सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. बैठक घ्यायला आवडले असते, पण आज रात्री ते शक्य नाही, अशा आशयाचे वाक्य पंतप्रधानांच्या पत्रातच होते. मंत्र्यांना पहाटे बोलावून त्यांची संमती घेतली, तोवर अटका झाल्या होत्या आणि दिल्लीतल्या बऱ्याच वृत्तपत्रांची वीज गेली होती.

त्या रात्री राष्ट्रपतींनी नकार द्यायला हवा होता का, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तो प्रश्न तितका महत्त्वाचा वाटत नाही. नकाराचा अधिकार त्यांना होता की नाही, हे वादग्रस्त आहे. विचारण्याचा अधिकार मात्र निर्विवाद होता. घटनेत शब्द आहे ‘मंत्रिपरिषदेचा सल्ला’. मग मंत्रिपरिषद कुठे आहे? १९७१ च्या युद्धात पुकारलेली बाह्य आणीबाणी अजून लागू आहे. मग ही दुसरी कशासाठी? सकाळी सहा वाजता मंत्रिमंडळ बसवता येते, तर सहीसुद्धा सहानंतर का नको? असे तीन प्रश्न विचारायला घटनापंडित असावे लागत नाही. उत्तरे मिळाली असती आणि सहीही झाली असती, हे मी मान्य करतो. पण मध्ये सहा तास गेले असते, आणि पंधरा-वीस मंत्र्यांना सही होण्यापूर्वी एका टेबलाभोवती बसून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागले असते. त्याच डिसेंबरात व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी राष्ट्रपतींना स्नानाच्या टबमध्ये बसून दाराच्या फटीतून कागद परत देताना दाखवले. आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा, असे ते म्हणतात. सेन्सॉरच्या काळात ते छापून आले, हेच नवल.

आणि मग घटनेतले ते वाक्यच बदलले, तेही दोनदा. पहिल्यांदा आपण नववीत असताना. मूळ कलम ७४ मध्ये राष्ट्रपतींना ‘साहाय्य व सल्ला’ देण्यासाठी मंत्रिपरिषद असेल, एवढेच होते. तो सल्ला पाळलाच पाहिजे, असे लिहिलेले नव्हते. संकेत होता आणि १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्काही केला होता. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने मात्र स्पष्ट शब्द घातले की राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागतील. दार पुरते बंद झाले.

गंमत अशी की या बंद दाराशी पहिल्यांदा डोके आपटले ते आणीबाणीच्या विरोधकांच्याच राज्यात. फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद वारले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. जत्ती जमखंडीचे, म्हणजे एके काळच्या मुंबई राज्यातले. त्या राज्याच्या सरकारात त्यांनी कामही केले होते. मार्चमध्ये जनता पक्ष निवडून आला आणि त्याने नऊ राज्यांच्या काँग्रेसी विधानसभा एका फटक्यात बरखास्त करण्याचा सल्ला दिला. जत्तींनी सही लांबवली. बाहेर ओरड झाली, मंत्रिमंडळाने आग्रह धरला आणि ३० एप्रिलला त्यांनी सही केली. लोकांनी त्यांना इंदिराबाईंचा माणूस ठरवले, आणि ते तसे असतीलही. पण प्रश्न रास्त होता : लोकसभेत हरला म्हणून त्या पक्षाची राज्यातली सरकारेही पाडायची का? विचारणारा बदनाम होता आणि विचारायला कलमात जागा नव्हती, म्हणून तो प्रश्न वाहून गेला.

जागा झाली ती जनता सरकारच्याच ४४व्या घटनादुरुस्तीने. तिच्यातली मोठी कलमे सगळ्यांना ठाऊक आहेत. आणीबाणीसाठी आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो, हे त्यातलेच. म्हणजे १९७५ च्या रात्रीचे भोक बुजवले गेले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कलम ७४ ला जोडलेले एक छोटे परंतुक. राष्ट्रपती मंत्रिपरिषदेला सल्ल्याचा पुन्हा विचार करायला सांगू शकतील, आणि पुनर्विचारानंतर आलेला सल्ला मात्र त्यांच्यावर बंधनकारक राहील. एकदाच, फक्त एकदाच, ‘पुन्हा बघा’ म्हणायचे. इतका लहान अधिकार, की पुढची जवळपास वीस वर्षे राष्ट्रपती राजवटीच्या बाबतीत तो कुणी वापरलाच नाही.

तो वापरला के. आर. नारायणन यांनी. केरळातल्या उझवूर गावातल्या गरीब दलित घरातला हा मुलगा. शाळेसाठी रोज पंधरा किलोमीटरच्या आसपास पायपीट करायची आणि फी थकली की वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकायचा. पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे वार्ताहर म्हणून ते मुंबईत होते आणि एप्रिल १९४५ मध्ये त्यांनी मुंबईतच गांधीजींची मुलाखत घेतली. मग टाटांच्या मदतीने लंडनला हॅरॉल्ड लास्कींकडे शिक्षण, परराष्ट्र सेवा, खासदारकी, उपराष्ट्रपतिपद. जुलै १९९७ मध्ये ते राष्ट्रपती झाले ते जवळजवळ एकमताने. काँग्रेस, संयुक्त आघाडी, भाजप, सगळ्यांनी त्यांना मते दिली. विरोधात उभे होते टी. एन. शेषन आणि नावाजलेल्या पक्षांपैकी त्यांच्या पाठीशी होती एकटी शिवसेना. सगळ्यांनीच निवडून दिल्यामुळे नारायणन कुणा एकाचे मिंधे नव्हते, ही गोष्ट पुढे कामी आली.

तीनच महिन्यांत उत्तर प्रदेशचा पेच उभा राहिला. मायावतींनी १९ ऑक्टोबरला कल्याणसिंह सरकारचा पाठिंबा काढून घेतला. राज्यपाल रोमेश भंडारी यांनी दोन दिवसांत बहुमत सिद्ध करायला सांगितले. २१ तारखेला विधानसभेत जे झाले ते दूरदर्शनवर देशाने पाहिले. आमदारांनी ध्वनिक्षेपक उपटून एकमेकांवर फेकले, डोकी फुटली. विरोधक बाहेर पडले आणि ४२५ च्या सभागृहात कल्याणसिंहांच्या बाजूने २२२ मते मोजली गेली. फुटून आलेल्यांच्या जोरावर का होईना, आकडा अर्ध्याच्या पुढे होता. राज्यपालांनी मात्र राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि दिल्लीत गुजराल मंत्रिमंडळाने ती उचलून धरली. संरक्षणमंत्री होते मुलायमसिंह यादव, कल्याणसिंहांचे कट्टर विरोधक. तेव्हा मंत्रिमंडळात जोर कुणाचा होता ते सांगायला नको.

नारायणन यांच्यापुढे कागद आला. १९७५ सारखीच घाई होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी, २२ ऑक्टोबरला, तो परत पाठवला. नकार दिला नाही, सरकारची निंदा केली नाही. परत पाठवण्यामागचा आधार साधा होता. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितले होते की बहुमत राजभवनात मोजायचे नसते, सभागृहात मोजायचे असते. इथे सभागृहात मोजून झाले होते. मग राजवट कशासाठी? मंत्रिमंडळ पुन्हा बसले आणि शिफारस पुढे न रेटण्याचे ठरले. ती पुन्हा पाठवली असती, तर घटनेप्रमाणे नारायणन यांना सही करावीच लागली असती. कुणी ती पाठवली नाही.

का पाठवली नाही? माझे विद्यार्थी इथे नेहमी नारायणन यांच्या धैर्याबद्दल लिहायचे आणि मी त्यांचा अर्धा गुण कापायचो. धैर्य होतेच, पण तेवढ्यावर काम भागले नसते. सरकार कडबोळ्याचे होते, बाहेरून काँग्रेसच्या टेकूवर उभे होते आणि मंत्रिमंडळातही सगळ्यांचे एकमत नव्हते. कागद परत आल्यावर आतल्या नाखूश मंडळींना तोंड फुटले. दुसरे म्हणजे, राष्ट्रपतींनी कागद परत पाठवल्याची बातमी त्याच दिवशी देशभर झाली. आता पुन्हा तोच कागद पाठवायचा तर सगळ्या देशाला कारण सांगावे लागले असते. आणि तिसरे म्हणजे बोम्मई निकाल. प्रकरण न्यायालयात गेले तर टिकणार नाही, हे कायदामंत्र्याच्या कारकुनालाही कळत होते. राष्ट्रपतींचा अधिकार स्वतःच्या पायावर फार वेळ उभा राहत नाही. त्याला बाहेरचा खांदा लागतो.

आणि त्या परत पाठवलेल्या कागदाने वाचले काय? कल्याणसिंहांनी फुटीर आमदारांची सोय लावण्यासाठी पुढे ९३ मंत्र्यांचे मंत्रिमंडळ केले. आपल्या शाळेच्या आठवी ‘अ’ आणि ‘ब’ या दोन तुकड्या मिळूनही तेवढी पोरे होत नव्हती. तेव्हा राष्ट्रपतींनी एक आदर्श सरकार वाचवले, असे कुणी समजू नये. सरकार वाईट असेल तर ते सभागृहाने किंवा मतदारांनी पाडावे, दिल्लीने नव्हे, एवढाच मुद्दा होता.

पुढच्या वर्षी याच मुद्द्याची उलट बाजूने परीक्षा झाली. आता केंद्रात वाजपेयी होते आणि राजवट लावायची होती बिहारात, राबडीदेवींच्या सरकारवर. राज्यपाल होते सुंदरसिंह भंडारी. दोन्ही खेपेला राज्यपालांचे आडनाव भंडारीच असावे, हा निव्वळ योगायोग. सप्टेंबर १९९८ मध्ये मंत्रिमंडळाने शिफारस केली आणि नारायणन यांनी २५ तारखेला ती परत पाठवली. आदल्या वर्षी टाळ्या वाजवणारे आता गप्प होते आणि गप्प असलेले टाळ्या वाजवत होते. माझ्या दृष्टीने नारायणन यांचे मोठेपण या दुसऱ्या परतीत आहे. पहिली एकटीच राहिली असती, तर तिला एखाद्या पक्षाचा रंग चिकटला असता.

तो अधिकार कुठे संपतो तेही बिहारनेच दाखवले. १९९९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शंकरबिघा आणि नारायणपूर इथे दलितांची हत्याकांडे झाली. मंत्रिमंडळाने पुन्हा राजवटीचा सल्ला दिला आणि १२ फेब्रुवारीला नारायणन यांनी सही केली. दुसऱ्यांदा आलेला कागद. नियम नियमासारखा पाळला. पण राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते. ठराव तिथे मंजूर होणार नाही हे दिसल्यावर मार्चमध्ये राजवट उठवावी लागली आणि राबडीदेवी पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. म्हणजे राष्ट्रपतींनी सहा महिन्यांपूर्वी जो पुनर्विचार सुचवला होता, तो अखेर संसदेतल्या आकड्यांनी करायला लावला.

नारायणन स्वतःला ‘काम करणारा राष्ट्रपती’ म्हणवत आणि ते घटनेच्या चौकटीत राहूनच, हे आवर्जून सांगत. १९९८ च्या निवडणुकीत त्यांनी रांगेत उभे राहून मतदान केले. पदावरच्या राष्ट्रपतीने लोकसभेसाठी मत देण्याची ती पहिलीच वेळ. त्या निवडणुकीनंतर वाजपेयींना बोलावण्यापूर्वी त्यांनी पाठिंब्याची पत्रे मागितली. हे थोडे कारकुनी वाटते, पण त्याआधीचे दोन अनुभव पाहा. १९७९ साली मोरारजींचे सरकार पडल्यावर नीलम संजीव रेड्डींनी चरणसिंहांना बोलावले; ते लोकसभेला एक दिवसही सामोरे न जाता पायउतार झाले; आणि जगजीवनराम यांना संधी न देता रेड्डींनी त्याच चरणसिंहांच्या सल्ल्यावरून लोकसभा बरखास्त केली. १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मा, जे पूर्वी आपले राज्यपाल होते, त्यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावले आणि ते सरकार तेरा दिवसांत गेले. रेड्डींचा निर्णय माझ्या मते अन्यायाचा होता, शर्मांचा नव्हता. पण दोन्ही वेळा राष्ट्रपतींच्या अंदाजावर सगळे अवलंबून राहिले. पत्रे मागितली की अंदाज कमी होतो. लोकसभेत कुणालाच बहुमत नसते तेव्हा नामधारी माणसाचे वजन अचानक वाढते. आर. वेंकटरामन यांनी राष्ट्रपतीला वीज गेल्यावर लागणाऱ्या इमर्जन्सी दिव्याची उपमा दिली होती ती याचसाठी. शर्मांचेही एक काम विसरू नये. १९९६ च्या निवडणुकीच्या तोंडावर नरसिंह राव सरकारने दोन अध्यादेश पाठवले होते, त्यांतला एक प्रचाराचा काळ कमी करणारा. निवडणूक दाराशी आली असताना हे बरे नव्हे, म्हणून त्यांनी सही केली नाही आणि विषय तिथेच संपला.

नारायणन यांच्यामुळे पायंडा पडला असे मानून मी काही वर्षे निश्चिंत होतो. मग २००५ चे मे उजाडले. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम मॉस्कोत होते. बिहारच्या विधानसभेत कुणालाच बहुमत नव्हते आणि राज्यपाल बुटासिंग यांनी ती बरखास्त करण्याचा अहवाल पाठवला. मंत्रिमंडळ रात्री बसले, कागद फॅक्सने मॉस्कोला गेला आणि कलामांनी सही केली. पुन्हा रात्र आणि पुन्हा घाई. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. कलामांना हे फार लागले. राजीनामा लिहून ठेवला होता आणि पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या विनंतीवरून तो दिला नाही, असे त्यांनी स्वतःच नंतर लिहिले आहे. त्याच कलामांनी मे २००६ मध्ये लाभाच्या पदाचे विधेयक संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा संमत केले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली. कागदोपत्री पाहिले तर कलाम हरले. तरी मधल्या अडीच महिन्यांत आपले खासदार कुठकुठल्या मंडळांवर बसलेले आहेत, हे वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचवले.

आता दुसऱ्या एका हत्याराबद्दल. ते ‘पुन्हा बघा’ म्हणत नाही. ते काहीच म्हणत नाही. विधेयकावर किती दिवसांत सही करायची, हे घटनेत लिहिलेले नाही. १९८६ साली संसदेने टपाल दुरुस्ती विधेयक संमत केले. त्यात लोकांची पत्रे अडवून पाहण्याचे व्यापक अधिकार सरकारला मिळणार होते. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग होते आणि पंतप्रधान राजीव गांधी. दोघांत तेव्हा विस्तव जात नव्हता. कलम ७८ प्रमाणे आपल्याला माहितीच दिली जात नाही, ही ग्यानीजींची तक्रार होती. त्यांनी विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. जुलै १९८७ मध्ये मुदत संपली, तोवर विधेयक टेबलावरच होते. ज्यांना लोक होयबा म्हणून हसत होते, त्यांनी चारशेहून अधिक खासदार पाठीशी असलेल्या सरकारचे विधेयक एकही शब्द न बोलता रोखून दाखवले.

या हत्याराचे मला कौतुक आहे आणि भीतीही. परत पाठवलेला कागद कारणासकट जातो. अडकवून ठेवलेल्या कागदाला कारण द्यावे लागत नाही. फाशीच्या कैद्यांच्या दयेच्या अर्जांचे पाहा. तिथेही राष्ट्रपती सरकारच्या सल्ल्यानेच निर्णय घेतात, पण मंत्रालय आणि राष्ट्रपती भवन यांच्यामध्ये कित्येक अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. मुख्य कारण होते, अर्जांवरच्या निर्णयाला झालेला अक्षम्य उशीर. तिथे न बोललेला शब्द कुणाच्या हक्काचे रक्षण करत नव्हता; कोठडीतला माणूस रोज सकाळी पावलांचा आवाज ऐकत होता.

टपाल विधेयकाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. झैलसिंगांनंतर आलेल्या वेंकटरामन यांनी जानेवारी १९९० मध्ये ते पुनर्विचारासाठी परत पाठवले. तोवर सरकार बदलले होते आणि कुणालाच घाई नव्हती. २००२ साली ते रीतसर मागे घेतले गेले, म्हणजे संमत झाल्यावर सोळा वर्षांनी. डिसेंबर २०२३ मध्ये १८९८ च्या जुन्या टपाल कायद्याच्या जागी संसदेने नवा कायदा केला. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवण्याचा अधिकार त्यात आहे. त्याच महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर होती आणि आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी तिचा उल्लेखही झाला नाही.